दहावी पायली

खळ्यावर धान्य मापताना आमचे आजोबा, आबा, कधी 'एक' म्हणायचे नाहीत. पहिली पायली 'लाभ'. मग दोन, तीन, चार. ही काही आम्हा ख्रिस्ती माणसांचीच रीत नव्हती. सगळं गाव तसंच मोजायचं, वाण्याच्या दुकानातही पहिलं माप लाभाचंच असायचं. पण नवाच्या पुढं मात्र आबा गावापासून वेगळे व्हायचे. ते थांबायचे, डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवायचे आणि पायली शिगोशीग भरून म्हणायचे, "देव." ती पायली शेजारच्या गोणपाटावर वेगळी ओतली जायची. मग मुंडासं पुन्हा डोक्यावर आणि मोजणी पुन्हा 'लाभ'पासून.

माझा थोरला भाऊ पहिलीत असताना शाळेत 'आठ, नऊ, देव' असं म्हणाला होता, असं आई सांगायची. मला ते आठवण्याचं कारण नाही, माझा जन्म नंतरचा. पण घरातल्या गोष्टी इतक्या वेळा कानांवरून जातात, की पुढं आपण तिथं होतो की नव्हतो हेच कळेनासं होतं.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. ज्या नेवाशात ज्ञानोबांनी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, तेच हे नेवासे. आजी ख्रिस्ती असली, तरी नेवाशाचं नाव घेताना तिच्या आवाजात आदर उतरायचा. जमीन म्हणजे हाडोळ्याची, महारकीच्या वतनातली, माळाच्या कडेची. खरिपाला बाजरी, साधलीच तर रब्बीला ज्वारी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ च्या डिसेंबरात त्यांनी नगरला ठाणं मांडलं. तिथून हळूहळू वडाळ्याकडं आणि आसपासच्या खेड्यांत ते पसरले. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म नेमका कोणत्या साली आला, यावर आबांचं आणि त्यांच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या आत्याआजीचं, कधी एकमत झालं नाही. आबा म्हणायचे, आज्याच्या काळात. आत्याआजी म्हणायची, "न्हाई रं, आज्या नुसता ऐकायला बसायचा, पाणी घेतलं ते बापानं." पाणी घेतलं म्हणजे बाप्तिस्मा घेतला. दोघंही गेले. वाद तसाच राहिला.

दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला. ख्रिस्ती माणूस तो का देतो, हे मला पाळकसाहेबांच्या उपदेशातून कळायच्या कितीतरी आधी पणजीच्या गोष्टींतून कळलं. पणजी अंथरुणाला खिळलेली होती, पण जीभ तरतरीत. ती सांगायची ते शास्त्राच्याही आधीचं.

"खळं व्हायचं," ती म्हणायची, "मळणी, उपणणी व्हायची. समद्यांचं मोजून झालं की आपली पाळी. सासरा घोंगडीचा पदर पसरून उभा राह्यचा. पाटलाच्या मनात आलं तर सुपानं, न्हाईतर वंजळीनं. आन् खळं उलगडलं की खालचं मातेरं आपलं." हे आमचं बलुतं. वर्षभर गावाचा निरोप न्यायचा, मेलेली ढोरं ओढायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, वेशीवर रात्र काढायची, आणि त्या बदल्यात खळ्यावर पदर पसरायचा. पाळी येसकराची असली की संध्याकाळी घुंगरांची काठी वाजवत दारोदार भाकरी मागायची. भाकरी वरून टाकली जायची, हात लागू नये म्हणून. बिदरच्या बादशहानं महारांना बावन्न हक्क दिले होते, अशीही एक गोष्ट पणजी सांगे. ती सांगताना तिचा आवाज जरा चढायचा. पण लगेच ती म्हणायची, "हक बावन्न, पर हात पसरल्याबिगर एक बी मिळत न्हवता."

अशा घरात पहिल्यांदा दशमांशाची पायली बाजूला निघाली, तेव्हा काय झालं असेल? पणजीचा नवरा पहिल्या वर्षी ती गोणी पाठीवर घेऊन मिशनच्या शाळेकडं निघाला. तीच शाळा रविवारी देऊळ व्हायची. वाटेत गावातल्या कुणी विचारलं, "कुठून मागून आणलं रं?" तो म्हणाला, "मागून न्हाई आणलं, द्यायला चाललोय." पणजी हे सांगताना दर वेळी रडायची. विचारणारा कोण होता, हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पणजी तान्ही असताना १८९९-१९०० चा दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळात आणि त्याच्या आधीच्या दुष्काळांत मिशननं अनाथ पोरं सांभाळली, उपाशी माणसांना धान्य दिलं. तेव्हापासून एक बोल आमच्या लोकांच्या मागं लागला: पोटासाठी बाटले. आबांना हा बोल फार लागायचा. पण ते वाद घालत बसत नसत. "पोटासाठी आलेला माणूस पोटातलं काढून देईल व्हय?" एवढंच म्हणत आणि पायलीकडं बोट दाखवत.

आबांना शास्त्र वाचता यायचं, आजीला बायबलबाईनं शिकवलं होतं. जेवणं झाली की चिमणीच्या उजेडात आबा वाचायचे, आणि मळणीच्या दिवसांत ठरलेले अध्याय निघायचे. पहिली गोष्ट अब्रामाची. लोटाला सोडवून, लढाई जिंकून तो परत येत होता. वाटेत शालेमचा राजा मलकीसदेक भाकरी आणि द्राक्षारस घेऊन सामोरा आला. तो परात्पर देवाचा याजक होता. त्यानं आशीर्वाद दिला आणि अब्रामानं त्याला सगळ्यातला दहावा हिस्सा दिला. आबा इथं चष्मा वर करून सांगायचे, "ध्यानात घ्या, मोशेचं नियमशास्त्र आजून यायचंय. कुणी सांगितलं न्हवतं, तरी दिलं." त्यांच्या लेखी हे फार मोठं होतं. आधी देवानं भाकरी पुढं केली, मग माणसाचा हात सुटला.

दुसरी गोष्ट याकोबाची, आणि ती आजीची लाडकी. भावाच्या भीतीनं घर सोडून पळालेला पोरगा, उजाड रानात रात्र, उशाला धोंडा. स्वप्नात शिडी, तिच्यावर चढणारे-उतरणारे देवदूत. सकाळी उठून त्यानं धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतलं आणि नवस केला: देव मला खायला भाकरी देईल, ल्यायला वस्त्र देईल, सुखरूप घरी आणील, तर जे देईल त्यातला दहावा भाग मी त्याला देईन. आजी म्हणायची, "तवा त्याच्यापाशी काय बी न्हवतं, बघ. धोंड्याशिवाय काय बी न्हवतं."

पुढं नियमशास्त्रात हा दशमांश लेवी वंशाला मिळू लागला. इस्राएलाच्या बाकीच्या वंशांना जमीन वाटून मिळाली, लेव्यांना मिळाली नाही. त्यांचं काम देवाच्या मंडपाची सेवा, आणि पोट या दहाव्या हिश्शावर. त्यांनीही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश याजकांसाठी काढायचा होता. हे वाचताना आबा थांबायचे. जमीन नाही, सेवा आहे आणि दुसऱ्याच्या राशीतला हिस्सा आहे. ऐकताना बलुत्याचीच आठवण यायची. मी एकदा तसं म्हणाले. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सारखं हाय आन् न्हाई बी. लेव्याला देताना कुणी वरून टाकत न्हवतं. ते देवाचं म्हणून येत होतं. आपल्याला पाटलाचं म्हणून यायचं."

याच कारणानं आबा दहावी पायली निवडून घेत नसत. मेंढपाळाच्या काठीखालून जाणारं प्रत्येक दहावं जनावर देवाचं, बरं-वाईट पाहायचं नाही, बदलायचं नाही, असं लेवीय पुस्तकात आहे. मुलं म्हणायची, ही पायली टपोऱ्या दाण्यांची आली, दुसरी द्या. आबा म्हणायचे, "आली ती त्याची."

एक गोष्ट मात्र आमच्या घरात तोंडपाठ होती. अनुवाद पुस्तकात सांगितलंय, की जमिनीचं प्रथमफळ टोपलीत घालून याजकापुढं न्यायचं, आणि नुसतं ठेवून यायचं नाही. तिथं उभं राहून आपल्या कुळाची हकिकत बोलायची: माझा बाप भटका अरामी होता, मिसरात गेला, तिथं आम्हांला दास केलं, आम्ही देवाचा धावा केला, त्यानं आम्हांला काढून आणलं, म्हणून आता हे पहिलं फळ मी आणलंय. देणाऱ्यानं आपली गुलामी तोंडानं सांगायची आणि मग टोपली खाली ठेवायची. पणजीनं शास्त्र वाचलं नव्हतं, तरी ती दर मळणीला हेच करत होती असं आता वाटतं. घोंगडीच्या पदराची ती गोष्ट सांगितल्याशिवाय आमची गोणी कधी देवळाकडं निघालीच नाही.

सुगीचा सण आमच्या देवळात फार आनंदाचा असायचा. त्या रविवारी वेदीपुढची जागा भरून जाई. बाजरीच्या गोण्या, हरभऱ्याचा डहाळा, छपरावरचे भोपळे, शेवग्याच्या शेंगा, सुपात अंडी, आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा, जो हमखास प्रार्थनेतच आरवायचा. भक्ती संपली की अंगणात लिलाव. एक अंडं पाच वेळा विकलं जायचं. घेणारा पैसे द्यायचा आणि अंडं परत देवाला द्यायचा, पुन्हा बोली. आजीचा भोपळा एका वर्षी नगरहून आलेल्या एका पाहुण्यानं घेतला आणि गावातल्याच एका म्हातारीच्या दारात नेऊन ठेवला. मग सगळ्यांचं एकत्र जेवण: हुलग्याचे शेंगोळे, बाजरीच्या भाकरी, शेवटी गुळाचा भात. पाळकसाहेब सांगायचे, की दशमांश देवापुढं आनंदानं खायचा असंही शास्त्रात आहे. वाट लांबची असेल तर तो विकून पैसा करायचा, आणि तिथं गेल्यावर मनाला येईल ते घेऊन घरच्यांसह खायचं. आणि दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. ही चार नावं आजीला पाठ होती. गावात कोण अडलंय याचा हिशेब ती याच चार बोटांवर करायची.

माझे एक चुलते हिशेबाला फार पक्के. एका वर्षी त्यांनी मिरच्या, लसूण, परसातल्या कोथिंबिरीसकट सगळ्याचा दहावा हिस्सा काढला, आणि त्याच दिवशी खुरपणाऱ्या बायांची मजुरी उद्यावर ढकलली. आजीनं ऐकलं. चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "पुदिना, शेप, जिरं," एवढंच म्हणाली. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शास्त्री-परूश्यांना म्हणतो, की तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता, पण न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी सोडता. त्या करायच्या होत्या आणि याही सोडायच्या नव्हत्या. चुलते दिवेलागणीला जाऊन मजुरी देऊन आले. पुढं घरात कुणी कंजूषपणा केला, की आम्ही पोरं 'जिरं, जिरं' म्हणायचो.

आबांच्या मित्रांत एक वाद कायम चालायचा. आपण आता नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत, मग दशमांशाची सक्ती कशाला? पौल तर म्हणतो, ज्यानं त्यानं मनात ठरवलं तसं द्यावं, कष्टी होऊन किंवा भाग पडलं म्हणून नको, देवाला हर्षानं देणारा आवडतो. दुसरा म्हणायचा, मलाखी काय सांगतो? दशमांश न देणं म्हणजे देवाला लुबाडणं. भांडारात आणा आणि पाहा, आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही. तिसरा मंदिराच्या दानपेटीपाशी बसलेल्या येशूची गोष्ट काढायचा: श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, विधवेनं दोन दमड्या टाकल्या, आणि येशू म्हणाला हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण हिनं आपली सगळी उपजीविकाच टाकली. ते ऐकून पहिले दोघं गप्प व्हायचे. आबांचं मत एकच होतं. "धा हिश्श्यातला एक म्हंजे उंबरा. घरात जायचं तर उंबरा वलांडायचा, पर उंबऱ्यावरच बसून ऱ्हायचं न्हाई."

सक्तीचंच म्हणाल तर युरोपात शतकानुशतकं दशमांश कायद्यानं वसूल होत होता. फ्रान्समध्ये तो १७८९ च्या क्रांतीत गेला. आमच्याकडं मिशनरी आले ते मॅसॅच्युसेट्सच्या बाजूनं, आणि त्या प्रांतातही चर्चसाठीची सक्तीची पट्टी १८३३ पर्यंत होती. नगरला मिशन आलं त्याच्यानंतरच ती तिकडं संपली. इकडं मात्र कुणी वसुलीला आलं नाही. १८५४ साली मिशनच्या मूळ संस्थेचे, म्हणजे अमेरिकन बोर्डाचे, सचिव रूफस अँडरसन इकडं आले. त्यांचा आग्रह, की इथल्या मंडळीनं आपला पाळक आपणच पोसावा, आपला कारभार आपणच करावा. त्याच साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. पुढं कितीतरी वर्षं परदेशी पैसा आणि स्वतःचा पैसा हा प्रश्न नगरच्या ख्रिस्ती घरांत बोलला जात राहिला. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला. आबांच्या वडिलांनी टिळकांचं कीर्तन राहुरीला ऐकलं होतं, असं घरात म्हणतात. टिळकांच्या उघड्या हाताच्या गोष्टी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. आमच्या आबांना एवढंच कळत होतं: पाळकसाहेबांच्या चुलीवर आपल्या बाजरीची भाकरी भाजली जाते, म्हणजे देऊळ आपलं.

महार वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. घोंगडीचा पदर कायमचा मिटला. आबा म्हणाले, आता दशमांश द्यायला आणखी एक कारण झालं.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. हा मात्र मी पाहिलाय, आठ वर्षांची होते. विहिरीच्या तळाला चिखल. आई-बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं त्यांच्याबरोबर. तिथं मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, ज्या गार झाल्या की दातांना दाद देत नसत. विहिरीच्या ओलाव्यावर आबांनी तीन वाफे ज्वारी कशीबशी जगवली होती. मळणीला बैल लागलेच नाहीत, आजीनं बडवण्यानं कणसं झोडली.

आबा मापायला बसले. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सातवी पायली भरली ती शिगेपर्यंत नाही, काठापर्यंत. खाली माती दिसू लागली. आबांनी सवयीनं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि तसेच बसले. दहावी पायली आलीच नव्हती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "यंदा देवाचं निघत न्हाई. नियमानं निघत न्हाई." त्यांच्या आवाजात सुटकेचा लवलेश नव्हता. शरमच होती. मुंडासं मांडीवरून उचलायचं त्यांना सुचेना.

आजी पुढं आली. तिनं मापलेल्या राशीत पायली घातली, शिगोशीग भरली आणि गोणपाटावर रिकामी केली. "याकोबाच्या उशाला काय व्हतं?" ती म्हणाली. "आन् विधवेनं मोजून टाकलं व्हतं व्हय?"

त्या दिवसांत देवळाच्या ओसरीवर एक कुटुंब उतरलं होतं. काम शोधत बीडकडून आलेलं, नवरा वाटेत गेलेला, बाई आणि दोन लेकरं. ती ख्रिस्ती नव्हती. आजीनं चार बोटांतली तीन बोटं मिटून दाखवली: परका, अनाथ, विधवा. पायली पाळकसाहेबांच्या हातात गेली. त्यांचा स्वतःचा पगार अर्धाही येत नव्हता. त्यांनी तीच्या तीच पायली ओसरीवर नेली. त्या रात्री आमच्याकडं मिलोचीच भाकरी होती. आजीनं ती दुधाविना नुसत्या तिखटाशी कुस्करून आम्हांला भरवली. आबा एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. बाजरीची रास मोठी लागली. मी खळ्यावर आबांच्या शेजारी उकिडवी बसले होते. आबांनी पहिली पायली भरायच्या आधीच मुंडासं काढलं. पायली शिगोशीग भरली, गोणपाटावर ओतली, आणि म्हणाले, "देव." मग मुंडासं डोक्यावर ठेवून दोन, तीन, चार करत नवापर्यंत गेले, आणि दहावी घरच्या राशीत टाकताना म्हणाले, "लाभ."

आजी सूप झाडत उभी होती. तिनं वर पाहिलं नाही, पण सूप थांबलं.

ती पायली आता पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आहे, तांदळाच्या डब्याजवळ. पगार खात्यात जमा झाला, की आधी देवळाचं पाकीट भरते, मग बाकीचा महिना. पाकिटावर रक्कम लिहायच्या आधी माझ्या तोंडात आबांचाच शब्द येतो. नात परवा शेजारी बसून तांदूळ मोजत होती. मी न शिकवता ती म्हणाली, "देव, दोन, तीन…" मग मी तिला घोंगडीच्या पदराची गोष्ट सांगायला बसले.